ई-मेलमध्ये चित्र शिरले कसे?

यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या दक्षिणेला, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. परिसर चुनखडीच्या खडकांचा. भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा गटात घालतात. सजीवांच्या अंगावर कवचे येण्याच्या आधीच्या काळातले हे थर आहेत. समजा, तेथील एका शिक्षकाने या थरांचा फोटो काढला, त्याखाली चार ओळी मराठीत लिहिल्या आणि हे पत्र ई-मेलने पुण्यातील एखाद्या भूशास्त्रज्ञाकडे पाठवले. काही सेकंदांत ते पोहोचते आणि मजकुराच्या मधोमध फोटो दिसतो. आज यात कोणाला नवल वाटत नाही. पण वाटेत नेमके काय गेले, असा प्रश्न वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारला तर उत्तर जरा चमत्कारिक आहे. फोटो गेला नाही, आणि बहुधा मराठीही गेली नाही. गेली ती रोमन अक्षरे, दहा अंक आणि दोन-तीन चिन्हे. पलीकडच्या संगणकाने त्यांतून फोटो आणि मराठी पुन्हा उभी केली.

हे असे होण्याचे कारण १९८२ सालच्या नियमांत आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसा द्यावा याचे नियम लिहिले, आणि डेव्हिड क्रॉकर यांनी पत्राचा आराखडा कसा असावा हे ठरवले. पत्र म्हणजे आस्की या संकेतातील अक्षरे, असे त्यांनी गृहीत धरले. आस्कीत प्रत्येक अक्षराला सात बिट लागतात, म्हणजे एकूण १२८ चिन्हे. त्यांत इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा बसतात. संगणकाच्या बाइटमध्ये बिट आठ असतात. आठवा बिट टपालाच्या हिशेबात नव्हताच. वाटेतील एखाद्या संगणकाने तो पुसून टाकला तरी नियमभंग होत नव्हता. शिवाय एक ओळ हजार अक्षरांपेक्षा लांब नसावी, असाही दंडक होता. अमेरिकन संशोधकांनी एकमेकांना इंग्रजीत चिठ्ठ्या पाठवण्यासाठी एवढे पुरेसे होते.

आपल्याकडे संगणकांचे जाळे आले ते १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पातून. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशांतून पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्था त्यात जोडल्या गेल्या. ही शेवटची संस्था जुहूला होती, आणि परदेशी जाणाऱ्या पत्रांचे दार तिच्याकडे होते. मुंबईत बसून अमेरिकेतल्या सहकाऱ्याला पत्र लिहिणे अशा रीतीने शक्य झाले, पण इंग्रजीत. मराठी लिहायची तर रोमन अक्षरांत. मराठी माणसांनी पुढे इंटरनेटवरच्या मराठी चर्चागटात वर्षानुवर्षे तसेच लिहिले.

संगणकावर देवनागरी नव्हती असे मात्र नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्र होते, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की हा संकेत मान्य केला होता. त्यात खालचे १२८ क्रमांक आस्कीचेच ठेवून भारतीय लिप्या वरच्या १२८ मध्ये बसवल्या होत्या. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराचा आठवा बिट १. आता टपालाने हा बिट पुसला तर काय होते ते फळ्यावर करून पाहता येईल. ‘मुकुटबन’ हा शब्द इस्कीत सात क्रमांकांचा आहे: म २०४, उकार २२१, क १७९, उकार २२१, ट १८९, ब २०२, न १९८. आठवा बिट पुसणे म्हणजे प्रत्येकातून १२८ वजा करणे. उरतात ७६, ९३, ५१, ९३, ६१, ७४, ७०. आस्कीच्या तक्त्यात हे क्रमांक अनुक्रमे मोठा एल, बंद चौकोनी कंस, अंक ३, पुन्हा बंद चौकोनी कंस, बरोबरचे चिन्ह, मोठा जे आणि मोठा एफ यांचे आहेत. गावाचे नाव एखाद्या चुकलेल्या समीकरणासारखे होऊन पोहोचणार! चित्राच्या फाइलचे हेच होई, कारण चित्राच्या बाइटमध्येही आठही बिट वापरलेले असतात. टपालाच्या लेखी मराठी आणि फोटो, दोन्ही सारखेच परके होते.

यातून वाट काढली ती मेरी अॅन हॉर्टन यांनी, वरचे नियम लिहिले जाण्याच्याही आधी. १९८० मध्ये बर्कली येथे त्यांनी यूयूएन्कोड नावाची आज्ञावली लिहिली. कल्पना साधी. फाइलमधील बिटांची रांग सहा-सहाच्या तुकड्यांत तोडायची. सहा बिटांतून ६४ संख्या होतात. प्रत्येक संख्येला आस्कीतील एक छापता येणारे चिन्ह द्यायचे. मिळणारा मजकूर वाचायला निरर्थक, पण टपालाला चालणारा. पलीकडच्याने तो उलट फिरवला की मूळ फाइल परत. दोष एवढाच, की हॉर्टन यांच्या ६४ चिन्हांत मोकळी जागा आणि बरीच विरामचिन्हे होती. पत्र बिटनेटवरच्या आयबीएम संगणकांमधून गेले, की तेथील एब्सिडिक संकेतात काही विरामचिन्हे बदलून जात. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा कोणीतरी वाटेत छाटून टाकी. एक चिन्ह बदलले की चित्र बिघडले. आणि अशा पत्रात मजकूर कोठे संपतो, चित्र कोठे सुरू होते, चित्र कोणत्या जातीचे आहे, हे माणसालाच ओळखावे लागे.

या दोन्ही अडचणी सुटल्या १९९२ मध्ये. नॅथॅनियल बोरेनस्टाइन अमेरिकेतील बेलकोर या दूरध्वनी-संशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी मिळून माइम नावाचे मानक तयार केले. चित्र आणि आवाज असलेले पहिले माइम पत्र बोरेनस्टाइन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठवले. त्यात त्यांच्या हौशी गायक-चौकडीचा फोटो होता, आणि चौघांनी गायलेले गाणेही. चौकडीचे नाव ‘टेलिफोन कॉर्ड्स’. ई-मेलमध्ये चित्रे हवीत कशाला, असे तेव्हा अनेक जाणकार विचारत. आपल्याला पुढे नातवंडे होतील आणि त्यांचे फोटो ई-मेलने यावेत अशी इच्छा आहे, असे उत्तर बोरेनस्टाइन देत. मानक जूनमध्ये प्रसिद्ध झाले.

माइमने जुन्या टपालाला हात लावला नाही, हे त्यातले शहाणपण. सातच बिट, छोट्याच ओळी. जगभरचे सर्व संगणक एका दिवशी बदलणे शक्य नव्हते; त्यामुळे जे नवीन ते सर्व दोन टोकांना, पाठवणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या संगणकात. मधल्यांना काही कळण्याची गरज नाही. पत्राचे भाग पाडायचे, प्रत्येक दोन भागांमध्ये एक ठरावीक ओळ सीमेच्या दगडासारखी घालायची, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर तो काय आहे हे लिहायचे: साधा मजकूर, जीआयएफ चित्र, जेपेग चित्र, आवाज. चित्राची अक्षरे करण्यासाठी गोपनीय टपालाकरिता १९८७ पासून चालत आलेली एक पद्धत त्यांनी उचलली. तिला बेस-६४ म्हणतात. हिच्या ६४ चिन्हांत मोठी २६ अक्षरे, लहान २६ अक्षरे, १० अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ एवढेच आहे. आस्की असो वा एब्सिडिक, या चिन्हांना कोठेच धक्का लागत नाही.

वर्गात करायला हे गणित फार चांगले आहे. प्रत्येक जीआयएफ फाइल जी, आय, एफ या तीन अक्षरांनीच सुरू होते; त्यांचे क्रमांक ७१, ७३, ७०. द्विमान पद्धतीत लिहा: ०१०००१११, ०१००१००१, ०१०००११०. हे चोवीस बिट सलग लिहून सहा-सहाचे चार गट पाडा: ०१०००१, ११०१००, १००१०१, ०००११०. म्हणजे १७, ५२, ३७ आणि ६. आता शून्यापासून मोजायचे. ० ते २५ मोठी अक्षरे, २६ ते ५१ लहान अक्षरे, ५२ ते ६१ अंक. सतरावे येते मोठा आर, बावन्नावे अंक शून्य, सदतिसावे लहान एल, सहावे मोठा जी. बेस-६४ मध्ये गेलेले कोणतेही जीआयएफ चित्र म्हणूनच ‘आर, शून्य, एल, जी’ असे सुरू होते. आपल्या फोटोसारखी जेपेग फाइल २५५, २१६, २५५ या तीन बाइटांनी सुरू होते. तिची पहिली चार चिन्हे मुलांनी काढावीत. (उत्तर: तिरकी रेघ, नऊ, लहान जे, तिरकी रेघ.)

तीन बाइटांची चार अक्षरे झाली, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढले. ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायची, त्याची दोन-दोन चिन्हे धरली तर वाढ सुमारे ३७ टक्के. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा दूरध्वनीवरून सेकंदाला ९,६०० बिट हा वेग चांगला समजला जाई. मोडेमच्या आरंभ-अंताच्या खुणा वजा जाता सेकंदाला ९६० बाइट. साठ हजार बाइटचा फोटो बेस-६४ मध्ये ८२ हजारांचा होतो, त्याला जवळजवळ दीड मिनिट लागे. मजकुराचे एक पान तीन-चार सेकंदांत येई. विद्यार्थ्यांना परवडणारे जे ‘शेल’ खाते होते त्यात तर चित्र दिसतच नसे. काळ्या पडद्यावर अक्षरे, आणि चित्राच्या जागी निरर्थक अक्षरांच्या ओळींवर ओळी. बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी अशा वाचकांचाही विचार केला होता. एकच पत्र दोन रूपांत, साधे आणि सजवलेले, एका पाकिटात घालण्याची सोय पहिल्याच मानकात आहे. वाचणाऱ्याचा संगणक झेपेल ते दाखवतो.

येथवर चित्र पत्रासोबत होते, पत्रात नव्हते. मजकूर वर, फोटो खाली अॅटॅचमेंट म्हणून. मजकुराच्या मधोमध चित्र आले ते एचटीएमएलमुळे, म्हणजे वेबची पाने ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेमुळे. या भाषेत ‘येथे चित्र दाखव’ ही खूण असावी, असे मार्क अँड्रीसन या विद्यार्थ्याने फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवले, आणि मोझाइक या ब्राउझरमध्ये ती बसवली. १९९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत ब्राउझर आणि टपाल एकत्र आले. पत्रच वेबच्या पानासारखे दिसू लागले.

पण वेबचे पान आणि पत्र यांत एक फरक आहे. वेबच्या पानात चित्र नसतेच. असतो त्याचा पत्ता. पान उघडले की ब्राउझर त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणतो. पत्र मात्र बंद करून पाठवलेले असते, ते कपाटात ठेवता येते, वीस वर्षांनी काढता येते. मग पत्रातले चित्र असते कोठे?

पाकिटात, हे एक उत्तर. पाठ्यपुस्तकात आपण ‘आकृती ३ पाहा’ असे लिहितो आणि आकृतीखाली ३ आकडा घालतो, तसेच. चित्राच्या भागाला एक ओळखक्रमांक द्यायचा, आणि मजकुरातील खुणेत पत्त्याऐवजी तो क्रमांक लिहायचा. एडवर्ड लेव्हिन्सन यांनी १९९५ ते १९९८ या काळात याचे नियम लिहिले. स्टॉकहोम विद्यापीठाचे याकोब पाल्मे आणि मायक्रोसॉफ्टचे अॅलेक्स हॉपमन यांनी अख्खे वेबपान चित्रांसह एका पत्रात कसे भरावे हे १९९७ मध्ये ठरवले. त्या काळी लोक दूरध्वनी जोडत, पत्रे उतरवून घेत, जोडणी तोडत आणि मग निवांत वाचत, कारण मिनिटामिनिटाला पैसे पडत. पाकिटातले चित्र जोडणी तोडल्यावरही दिसे. आजही आपण पत्रात फोटो चिकटवतो तेव्हा बहुतेक वेळा हेच घडते.

दुसरे उत्तर वेबचेच. पत्रात नुसता पत्ता, चित्र दूरच्या सर्व्हरवर. दुकानदारांना हे फार सोयीचे पडले. चाळीस हजार बाइटचे चित्र एक लाख ग्राहकांना पाकिटातून पाठवायचे तर सुमारे साडेपाचशे कोटी बाइट वाहावे लागतात. पत्ता लिहिला तर पत्र हलके, आणि ज्याने पत्र उघडले त्याच्यापुरतेच चित्र जाते. पण आमच्या मते सोयीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. चित्र आणायला वाचकाचा संगणक सर्व्हरकडे जातो, तेव्हा सर्व्हरच्या वहीत नोंद होते: कोणत्या वेळी, इंटरनेटवरील कोणत्या पत्त्यावरून. प्रत्येक ग्राहकाच्या पत्रात चित्राचे नाव थोडे वेगळे ठेवले की कोणी पत्र उघडले तेही कळते. त्यासाठी चित्र दिसण्याचीही गरज नाही. एक ठिपका लांब, एक ठिपका रुंद, पारदर्शक जीआयएफ पुरते. त्याचे वजन चाळीसेक बाइट. १९९९ च्या सुमारास अशा ठिपक्यांची वाच्यता झाली आणि त्यांना ‘वेब बग’ हे नाव पडले. लाखो पत्त्यांवर केरकचऱ्यासारखी पत्रे टाकणाऱ्यांनाही ठिपका उपयोगी पडला, कारण पत्ता जिवंत आहे की मेलेला हे त्यावरून समजे.

साध्या टपालात पोचपावती हवी तर रजिस्टर करावे लागते आणि घेणारा सही देतो. येथे सही वाचकाला न विचारताच घेतली जात होती. म्हणून टपाल वाचण्याच्या आज्ञावल्या दूरची चित्रे आपण होऊन आणेनाशा झाल्या. आउटलूकने २००३ च्या आवृत्तीत तसे केले. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे पुन्हा दाखवायला सुरुवात केली, पण ती गूगलच्या सर्व्हरमार्फत आणून, म्हणजे पाठवणाऱ्याला वाचकाचे ठिकाण कळत नाही. उघडल्याची वेळ मात्र बरेचदा कळते. अॅपलने २०२१ मध्ये, वाचक पत्र उघडो न उघडो, चित्रे आधीच आणून ठेवण्याची सोय दिली. तेथे नोंदीचा अर्थच गेला.

तिसरीही एक वाट आहे. लॅरी मासिंटर यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये असे मानक दिले, की पत्त्याच्या जागी चित्राची बेस-६४ अक्षरेच लिहावीत. ओळखक्रमांक नको, सर्व्हर नको. वेबच्या पानांत लहान चित्रांसाठी ती खूप वापरली जाते. टपालात तिचे बस्तान बसले नाही. जीमेल अशी चित्रे दाखवत नाही, आणि २००७ नंतरच्या आउटलूकने पत्रे दाखवण्याचे काम वर्डच्या यंत्रणेकडे दिल्याने तेथेही रिकामी चौकट येई.

आता पुन्हा मराठीकडे. नव्वदीच्या दशकात परदेशातल्या मुलांना देवनागरीत पत्र धाडायचे तर शिवाजी, किरण असे फॉन्ट होते, पण प्रत्येकाचा संकेत निराळा. घेणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पुन्हा समीकरणे. त्यामुळे खात्रीचा उपाय एकच: मराठी मजकुराचे चित्र करायचे आणि ते पाठवायचे. दिवाळीच्या शुभेच्छा, लग्नपत्रिका, कविता, घरगुती पत्रेसुद्धा जीआयएफ होऊन गेली. ज्या माइमने फोटोची सोय केली तिने मराठी अक्षरांचीही केली होती. अडले होते ते सर्वांनी मान्य केलेल्या एका संकेतावाचून. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांत आणि टपालात ती रुजायला पुढचे शतक उजाडले.

युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. तीन बाइट म्हणजे बेस-६४ ची बरोबर चार अक्षरे. ‘मुकुटबन’ची सात चिन्हे, २१ बाइट, २८ अक्षरे. गंमत अशी, की देवनागरीचे पहिले दोन बाइट ठरावीक असल्यामुळे प्रत्येक चौकडी ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ अशीच सुरू होते. म, क, ट, ब, न यांची पहिली आणि दोन्ही उकारांची दुसरी. जीमेलमध्ये आलेले मराठी पत्र उघडून त्याचे मूळ रूप दाखवण्याची आज्ञा द्यावी. ते बेस-६४ मध्ये आले असेल तर या चौकड्या ओळीओळीतून दिसतील, आणि त्यांच्याच खाली फोटोची अक्षरे.

इतके होऊनही मराठीचे चित्र करण्याची सवय गेलेली नाही. सूचना कागदावर छापायची, तिचा फोटो काढायचा आणि पाठवायचा, हे कित्येक शाळांना रोजचे आहे. दीड हजार चिन्हांचे पान बेस-६४ मध्ये सहा हजार अक्षरांचे होते; त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो वीस-पंचवीस लाख बाइटचा सहज भरतो. तारीख शोधायची तर चित्रात शोध चालत नाही. आणि दृष्टिहीन शिक्षकाचा वा विद्यार्थ्याचा संगणक जो मजकूर मोठ्याने वाचतो, तो या पत्रापाशी ‘चित्र’ एवढेच म्हणून थांबतो. एचटीएमएलमध्ये चित्राच्या खुणेसोबत त्याचे वर्णन शब्दांत लिहायची जागा सुरुवातीच्या वर्षांपासून आहे. शेल खात्यावरच्या वाचकांना तिचा उपयोग होता, आजच्या दृष्टिहीन वाचकांना आहे. भरतात मात्र थोडेच. शाळेच्या पत्रात मजकूर मजकूर म्हणून लिहावा, फोटो लहान करून पाकिटात घालावा आणि ही जागा एका वाक्याने भरावी. याहून जास्त काही लागत नाही.

जुनी पत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी थोडे. नव्वदीच्या अखेरीची एचटीएमएल पत्रे आज उघडली तर पाकिटातली चित्रे जशीच्या तशी दिसतात. मराठीची चित्रे असतील तर छापील अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आता मराठीसाठीही आहेत. त्यांतून बराचसा मजकूर परत मिळतो, जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात. ज्या शुभेच्छापत्रांत नुसता पत्ता होता त्यांत बहुधा रिकामी चौकट असते, कारण ते सर्व्हर केव्हाच बंद झाले. पण पत्राच्या मूळ रूपात तो पत्ता असतो. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबची पाने साठवत आली आहे. पत्ता तेथे टाकून पाहावा. चित्र क्वचित सापडते.